बारावे नाव कोणाचे?

बीड जिल्ह्यात कबड्डीचा शौकीन शोधण्यासाठी फार हिंडावे लागत नाही. केज, धारूर, माजलगाव, गेवराई. कोणत्याही तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोरच्या हॉटेलात दोन माणसे संघाच्या यादीवर हुज्जत घालताना सापडतात. प्रो कबड्डीच्या लिलावाचे दिवस जवळ आले की या हुज्जतीला विशेष धार चढते. कोणाला ठेवावे, कोणाला सोडावे, बाकावरच्या कोणत्या पोराला आत घ्यावे, यावर प्रत्येकाचे मत असते आणि ते ठाम असते. या मतांकडे रिकामटेकड्यांची करमणूक म्हणून पाहण्याची सुशिक्षितांची रीत आहे. ती रीत सोडून देण्याजोगी आहे. कारण या मतांमध्ये एक सामाजिक शहाणपण दडलेले आहे आणि एक सामाजिक रोगही.

वादाचा सर्वांत गाजलेला विषय पुणेरी पलटणचा. 2023 च्या ऑक्टोबरमधील लिलावात या संघाने इराणचा बचावपटू मोहम्मदरझा शादलू याला 2 कोटी 35 लाख रुपयांना घेतले. संघाला खर्च करण्याची मर्यादा 5 कोटींची; म्हणजे जवळजवळ अर्धी थैली एका माणसावर रिती झाली. बाकी संघ तरुणांचा होता. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार कर्णधार. मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, गौरव खत्री असे साथीदार. या संघाने साखळीतील 22 पैकी 17 सामने जिंकले आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सचा 28-25 असा पराभव करून पहिले अजिंक्यपद मिळवले. शादलू त्या पर्वाचा सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला.

त्यानंतर पलटणने त्याला मोकळे केले. ऑगस्ट 2024 च्या लिलावात हरियाणाने त्याला 2 कोटी 7 लाखांना घेतले. त्या वर्षी पलटणला बाद फेरीही गाठता आली नाही. इनामदार गुडघ्याच्या दुखापतीने मध्येच बाहेर पडला. आणि 29 डिसेंबर 2024 रोजी पुण्यातच, बालेवाडीच्या संकुलात, हरियाणाने पाटण्याला 32-23 असे हरवून अजिंक्यपद उचलले. आदल्या वर्षी पलटणसाठी झुंजलेला गडी पलटणच्याच शहरात दुसऱ्याचा चषक उचलून गेला. शौकिनांच्या जिव्हारी लागावे असेच ते दृश्य होते.

यावरून दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे असे, की जिंकलेली तालीम मोडू नये. जो खांब छप्पर पेलतो तोच विकायला काढणारा मालक शहाणा नव्हे. दुसऱ्याचे म्हणणे असे, की अर्धी थैली एकाला दिली तर घडलेली पोरे टिकवायची कशाने? त्यांची किंमत अजिंक्यपदानंतर वाढणारच. त्यांना सांभाळले तर संघ पाच वर्षे चालेल. 2024 अखेर पहिला पक्ष जिंकल्यासारखा दिसला. परंतु 2025 मध्ये तीच तरुण फळी, त्याच इनामदारच्या नेतृत्वाखाली, साखळीत अव्वल राहिली. आदित्य शिंदेसारखा नवा चढाईपटू पुढे आला आणि 31 ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात संघ दबंग दिल्लीकडून अवघ्या तीन गुणांनी, 28-31 असा हरला. तेव्हा दुसऱ्या पक्षाचाही मुद्दा खोटा नव्हता, हे उघड झाले.

या वादातील शहाणपण नीट पाहिले पाहिजे. संघ म्हणजे पुढचे सात नव्हेत, ही गोष्ट या शौकिनांना पक्की ठाऊक आहे. पहिला चढाईपटू जायबंदी झाला तर मागून कोण येणार, कोपरा सांभाळणारा दुसरा गडी तयार आहे काय, बाकावरच्या पोराला हरलेल्या सामन्याची शेवटची पाच मिनिटे तरी मिळाली काय, हे प्रश्न ते विचारतात. वैभव शिखराच्या उंचीवर मोजू नये, पायाच्या रुंदीवर मोजावे, हे तत्त्व समाजवादी चळवळीने अनेक परिषदांतून सांगितले. बीडच्या हॉटेलातला माणूस तेच तत्त्व कबड्डीच्या भाषेत रोज सांगतो. त्याला अडाणी समजणारे स्वतःच काही गमावून बसतात.

आता रोगाकडे वळू. वाद कोणत्या भाषेत चालतो ते ऐकावे. ‘विकून टाका’, ‘त्याच्यात आता काही राहिले नाही’, ‘एवढ्या पैशात दोन आले असते’. ही भाषा सवंगड्याची नाही, मालकाची आहे. नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात बैलाचे दात पाहताना जी भाषा वापरली जाते, ती माणसाच्या मांडीला आणि मनगटाला लावली जाते. दोष केवळ शौकिनाचा नाही. व्यवस्थेने त्याला तीच भाषा शिकवली. ज्या समारंभाचे नावच लिलाव आहे, त्याच्या प्रेक्षकाने दुसरे काय बोलावे? खेळाडूची श्रेणी ठरते, बोली सुरू होण्याची किंमत ठरते, हातोडा पडतो आणि कोणत्या गावासाठी खेळायचे हे त्याला इतरांकडून कळते. त्या निवडीत त्याचे मत कोणी विचारत नाही.

बीड जिल्ह्याला हा व्यवहार परका वाटू नये. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन कोल्हापूर, सांगली, सातारा, थेट कर्नाटकापर्यंत जातात. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. दोन माणसांचे एक हत्यार होते. कोणत्या कारखान्याच्या फडात जायचे, हे टोळी ठरवत नाही. अर्थात तुलनेला मर्यादा आहेत आणि त्या प्रामाणिकपणे मान्य केल्या पाहिजेत. लिलावातला खेळाडू कर्जात बुडत नाही. उलट त्याच्या घरावर पक्के छप्पर येते. 2014 च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला 12 लाख 80 हजार मिळाले होते. 2023 मध्ये पवन सेहरावतची बोली 2 कोटी 60 लाखांवर गेली. रेल्वे, पोलीस किंवा बँकेतील नोकरी एवढीच ज्यांची आशा होती, त्या मातीतल्या खेळाडूंना या स्पर्धेने पैसा दिला, नाव दिले. हे नाकारणे म्हणजे पोथीनिष्ठा होईल.

परंतु बाजार कोणाला पाहतो आणि केव्हा पाहतो, हा प्रश्न उरतोच. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये यू मुंबाकडे 36 लाख 40 हजारांना आला. पहिल्याच हंगामात त्याने चढायांनी मैदाने गाजवली आणि 2019 मध्ये तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. यू मुंबाने त्याला का जाऊ दिले, हा वाद तेव्हा पुष्कळ रंगला. खरा प्रश्न त्याच्या आधीचा होता. तो पुढे येण्यापूर्वीची वर्षे त्याला कोणी सांभाळले? चंदगडच्या मातीने, गावच्या मंडळाने, फुकट वेळ देणाऱ्या वस्तादांनी. बाजाराने तयार पीक नेले. नांगरटीचा खर्च गावाच्या माथी राहिला.

येथे बीडच्या शौकिनाला एक प्रश्न विचारणे भाग आहे. पलटणच्या यादीतील अठरा-वीस नावे त्याला तोंडपाठ आहेत. बीड जिल्ह्याच्या कबड्डी संघातील बारा नावे त्याला सांगता येतील काय? बाराव्या नावाच्या जागी कोण आहे आणि तेराव्याला का वगळले, हे त्याने कधी विचारले आहे काय? ज्या संघात त्याच्या शेजाऱ्याचा मुलगा असू शकतो, त्या संघाविषयी तो गप्प. आणि ज्या संघाचा मालक त्याला ओळखत नाही, त्याविषयी तो रात्र जागवतो.

हे बारावे नाव क्षुल्लक नाही. मैदानात सात उतरतात, पाच राखीव राहतात. परंतु प्रमाणपत्र बाराही जणांच्या नावे निघते. राज्य शासनाने 2005 पासून खेळाडूंसाठी नोकऱ्यांत 5 टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. त्या पात्रतेची शिडी स्पर्धांच्या प्रमाणपत्रांनीच चढावी लागते आणि तिची पहिली पायरी जिल्ह्याच्या यादीत असते. दुष्काळी तालुक्यातील घरात एक सरकारी नोकरी येणे म्हणजे एक कोयता फडातून कायमचा परत येणे होय. म्हणूनच अशा यादीतील शेवटच्या जागांवर वशिल्याचा डोळा असतो. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आली, ती याच मोहातून. खोटे नाव घुसते तेव्हा खऱ्या मुलाचा रोजगार हिरावला जातो, आणि त्याची बोंब मारणारा शौकीन त्या वेळी लिलावाच्या चर्चेत दंग असतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. शालेय स्पर्धांची तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही चढण पावसाळ्यात सुरू होऊन हिवाळ्यापर्यंत चालते. ऐन त्याच दिवसांत गावे रिकामी होतात. आईबापांबरोबर मुलेही जातात. कोणी कोपीत धाकट्यांना सांभाळते, कोणी वाढे बांधते. तालुक्याला चमकलेला मुलगा विभागाच्या वेळी फडात असतो. त्याला कोणी वगळलेले नसते; तो फक्त नसतो. शासनाने 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना आणली, ती याच कारणाने स्वागतार्ह आहे. परंतु वसतिगृह म्हणजे केवळ खाट आणि ताट नव्हे. तेथे मैदान असेल, शिक्षक असेल आणि स्पर्धेला जाण्याचे भाडे असेल, तरच तो मुलगा यादीत टिकेल.

या जिल्ह्याच्या मातीत कस नाही असे कोणी म्हणू धजणार नाही. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे 2024 मध्ये पॅरिसला 3000 मीटर स्टीपलचेसच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत धावला. त्या शर्यतीत तेथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. त्याचा खेळ सैन्यात घडला. पाटोद्याचा राहुल आवारे पुण्याच्या तालमीत घडला. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 57 किलो गटात सुवर्णपदक घेतले; पण 2019 च्या जागतिक स्पर्धेत त्या गटात रवी दहिया उतरला आणि आवारे 61 किलोत, म्हणजे ऑलिंपिकमध्ये नसलेल्या गटात, खेळला. तेथेही त्याने कांस्यपदक आणले. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाचे मोल काय असते, हे त्या पदकाने सांगितले. बीडचा सचिन धस 2024 च्या युवा विश्वचषकात उपांत्य सामन्यात 4 बाद 32 अशा पडझडीत उभा राहिला आणि 96 धावा करून गेला. ही तीन नावे अभिमानाची आहेत. परंतु तीन शिखरांवरून पायाची रुंदी कळत नाही. त्यांच्यामागे चौथा, पाचवा, बारावा कोण होता आणि तो आज कोठे आहे, हे जिल्ह्याला ठाऊक नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. दिवसभर राबलेल्या माणसाने दोन घटका खेळ पाहावा, त्यावर वाद घालावा. त्यातही चळवळ कशाला घुसवता? आक्षेप रास्त आहे. पलटणचा वाद कोणी बंद करावा असे येथे सुचवायचे नाही. तो चालावा, रंगावा. मागणी एवढीच, की त्यातली नजर घरच्या मैदानाकडेही वळावी. जो माणूस 2 कोटी 35 लाखांच्या खरेदीचा हिशेब मागू शकतो, त्याने जिल्ह्याच्या निवड चाचणीचा हिशेब मागू नये, असे कोणते बंधन आहे?

त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. निवड चाचणीची तारीख पंधरा दिवस आधी प्रत्येक तालुक्यात जाहीर व्हावी आणि ती टोळ्या निघण्यापूर्वीची असावी. निवडलेल्या बाराही नावांची यादी, निवड समितीच्या सह्यांसह, तहसील कचेरीच्या फलकावर लागावी. वगळलेल्याला कारण विचारण्याचा हक्क असावा. राखीव पाचांना प्रत्येक स्पर्धेत मैदान मिळाले की नाही, याची नोंद राहावी. आणि या सर्वांवर लक्ष ठेवण्यासाठी कोणतीही नवी समिती नेमू नये. बसस्थानकासमोरचे शौकीन पुरेसे आहेत. त्यांना यादी वाचता येते, बाकावरचा गडी ओळखता येतो आणि आवाज चढवता येतो.

पलटणने कोणाला ठेवावे हे शेवटी तिचा मालकच ठरवणार. जिल्ह्याच्या संघाला मालक नाही. म्हणून त्याची यादी ठरवण्यात ज्यांचा आवाज चालला पाहिजे, त्यांनी तो यंदाच्या टोळ्या निघण्यापूर्वी काढावा.