वंशावळीबाहेरचं घर

नोव्हेंबर २०२४ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा निघाला. शेतजमिनीला वारसाकरातून मिळणाऱ्या सवलतीला कात्री लावण्याचा निर्णय लेबर सरकारने अर्थसंकल्पात जाहीर केला होता. खेळण्यातल्या ट्रॅक्टरांवर बसलेली मुलं मोर्च्यात पुढे होती, आणि ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराण्याकडे आहे, असा एकूण सूर होता. तेच घर, तीच शेतं, बापामागून मुलगा हे चित्र इंग्रजांना फार प्रिय. बीबीसीवर १९५१ पासून चालू असलेल्या ‘द आर्चर्स’ या श्रुतिकामालिकेचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे, आणि हौसेने पूर्वज शोधणारेही जुन्या दप्तरांत तेच धुंडाळतात. ती दप्तरं नीट वाचली, तर रक्ताच्या धाग्याने विणलेला हा इतिहास अर्धाच असल्याचं दिसतं.

आधी जमिनीचं पाहू. नॉटिंगहॅमशरमधल्या क्लेवर्थ या खेड्याच्या धर्मगुरूने १६७६ आणि १६८८ मध्ये गावातल्या रहिवाशांच्या याद्या केल्या होत्या. इतिहासकार पीटर लॅस्लेट यांनी त्या ताडून पाहिल्या. लोकसंख्या दोन्ही वेळा चारशेच्या आसपास, पण पहिल्या यादीतली निम्म्याहून जास्त माणसं बारा वर्षांत दिसेनाशी झाली होती. काही वारली, बाकीची गाव सोडून गेली. मालकीची गोष्ट तर आणखी अलीकडची. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर इंग्लंड-वेल्समधली जवळपास नव्वद टक्के शेतजमीन खंडाने कसली जात होती. युद्धानंतरच्या तीन-चार वर्षांत कर्ज आणि करांनी जेरीस आलेल्या उमराव घराण्यांनी जमिनी विकायला काढल्या, तेव्हा कुठे अनेक कुळं मालक झाली. आज ‘वडिलोपार्जित’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कित्येक जमिनींचं खरेदीखत शंभर वर्षांपलीकडे जात नाही.

दुसरा आणि मला जास्त महत्त्वाचा वाटणारा मुद्दा घरातल्या माणसांचा. सोळाव्या ते अठराव्या शतकात इंग्लिश शेतकऱ्याच्या घरात सालगडी आणि मोलकरणी जेवून-राहून असत. आपल्याकडे सालं पाडव्याला ठरतात. तिकडे दक्षिणेत ती मिकलमसला, म्हणजे २९ सप्टेंबरला ठरत. ही बहुतेक पंधरा ते पंचविशीतली, अविवाहित पोरं-पोरी. त्यांत लहान शेतकऱ्यांची स्वतःची मुलंही असत. म्हणजे रक्ताचा मुलगा दुसऱ्याच्या माळ्यावर झोपायचा आणि आपल्या माळ्यावर परका. तेव्हाच्या बर्कशरमधल्या हारवेलच्या रॉबर्ट लोडर या शेतकऱ्याची १६१० ते १६२० ची हिशेबवही उपलब्ध आहे. घरातली माणसं किती खातात याचा त्याने काटेकोर हिशेब मांडला आहे आणि गड्यांच्या नावाने मनसोक्त बोटंही मोडली आहेत. या कुरकुरीतून त्या स्वयंपाकघराची जेवढी ओळख होते, तेवढी कुठल्याही वंशवृक्षातून होत नाही. बायकांचंही तेच. मयताच्या मालमत्तेची शेजारी यादी करत, तीत दुभत्या घरांमध्ये चीजचे गोळेही मोलासकट नोंदलेले असत. ते चीज केलेलं असे घरधनिणीने आणि तिच्या हाताखालच्या मुलींनी. यादीत मात्र ते नवऱ्याची मिळकत. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता तिच्या स्वतःच्या नावावर राहण्याची पुरती सोय १८८२ च्या कायद्याने झाली.

यावर कोणी म्हणेल, वंशावळ हा ज्याच्या-त्याच्या घरचा छंद. त्यात परक्या गड्यांचं ओझं कशाला? पण त्यासाठी वेगळं दप्तर उघडावं लागत नाही. १८५१ च्या जनगणनेत शेतकऱ्याने किती एकर कसतो आणि किती मजूर लावतो हे सांगायचं होतं. पणजोबांचं नाव ज्या पानावर सापडतं, त्याच पानावर घरात राहणाऱ्या गड्याचं नाव, वय आणि जन्मगाव लिहिलेलं असतं. ते वगळायला उलट मुद्दाम नजर वळवावी लागते. (आपल्याकडच्या जाडजूड कुलवृत्तांतांनाही ही सवय आहेच.) दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: काही घराणी खरोखरच शतकानुशतकं एका जागी टिकली. श्रॉपशरमधल्या मिडलच्या रिचर्ड गॉफने १७०० च्या सुमारास चर्चमधल्या बाकांच्या क्रमाने आपल्या पॅरिशमधल्या घराण्यांचा इतिहास लिहिला, त्यात अशी घराणी भेटतात. पण गॉफ प्रामाणिक, आणि थोडा चहाटळ. दारूपायी बुडालेली शेतं, फसलेली लग्नं, अनौरस मुलं, सगळं तो सांगतो. कोण टिकलं हे सांगताना कोण का बुडालं हेही तो सोडत नाही. टिकलेल्यांचीच नावं जपायची आणि त्यालाच इतिहास म्हणायचं, हे त्याला जमलं नसतं.

वारसाकरावरच्या वादालाही हा पुरा इतिहास पाहण्याची मदतच होईल. इंग्लंडमध्ये जमिनीचे भाव उत्पन्नाच्या मानाने फार चढलेले आहेत. कागदावर लक्षाधीश असलेल्या शेतकऱ्याच्या हाती वर्षाकाठी थोडकंच उरतं. सवलत मागायला हे कारण पुरेसं भक्कम आहे, आणि १९२० साली खंडकऱ्याचा मालक झालेल्याच्या नातवालाही ते तितकंच लागू पडतं.