आवडलेलं पुस्तक आणि न लिहिलेलं पुस्तक



‘अलीकडे आवडलेल्या पुस्तकाविषयी लिहा’ असं आवाहन आपण केलं होतं. डहाणू-तलासरीच्या पत्रांमध्ये एक पुस्तक पुन्हा पुन्हा भेटलं. गोदूताई परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. १९७० साली आलेल्या या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पन्नास वर्षांपूर्वीचं पुस्तक आज का आवडावं? कारण त्यातली गावं आपल्या रोजच्या वाटेवरची आहेत. २३ मे १९४५ रोजी तलासरीतल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ बंद करायचं ठरलं. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलं की माणूस ‘लग्नगडी’ व्हायचा. कर्ज त्याच्या नावावर, पण राबणं दोघांचं. शिवाय मालक तिच्या शरीरावरही हक्क सांगायचा. हे वाचून अनेकींना आजच्या वीटभट्ट्या आठवल्या. वेठबिगारीविरुद्ध १९७६ साली कायदा झाला. तरी उचल घेतो नवरा, विटा थापतात दोघं, आणि हजारी हिशेबात बाईचं नाव कुठेच नसतं. पुस्तक आवडणं म्हणजे असा प्रश्न पडणं, असं आम्हाला वाटतं.

काहींनी अनुताई वाघांच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’बद्दल लिहिलंय. बालविधवा झालेली एक मुलगी पुढे आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा नेते, ही गोष्ट अंगणवाडीतल्या ताईंना जवळची वाटली, यात नवल नाही.

पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. या दोघी बाहेरून इथे आल्या, इथल्या झाल्या, आणि त्यांनी लिहिलं. त्यांचं ऋण मोठं आहे. तरीही वारली बाईनं स्वतः सांगितलेली तिची गोष्ट कुठे आहे? बेबी कांबळे, शांताबाई कांबळे यांनी आपलं जगणं स्वतः लिहिलं, तेव्हाच दलित बाईचा आवाज मराठीत आला. आपल्याकडे धवलेरी गायल्याशिवाय वारल्यांचं लग्न लागत नाही. मग बाईकडे शब्द नाहीत असं कोण म्हणेल? कागद तिच्या हाती नव्हता, आणि पुस्तकातली मराठी तिची घरची बोली नव्हती.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. बचत गटाच्या बैठकीत हिशेब झाल्यावर दोन पानं मोठ्यानं वाचा. जिला वाचता येतं तिनं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, अडवावं, ‘असं नव्हतं’ म्हणावं. म्हाताऱ्या बाया बोलू लागल्या की त्यांच्याच बोलीत लिहून घ्या, शुद्ध करू नका. त्यांची परवानगी घ्या. नको म्हणाल्या तर नाव गाळा. १९४५ साली कडेवर असलेली पोर आज ऐंशीच्या पुढे आहे. थांबायला वेळ नाही.

पुढच्या अंकासाठी आवडलेल्या पुस्तकांवरची पत्रं पाठवाच. त्यासोबत अशी ऐकलेली चार ओळींची आठवणही पाठवा. ती आम्ही पहिल्या पानावर छापू.

– संपादक मंडळाच्या वतीने