कुटुंब मोडण्याआधीची मदत

विशेष प्रतिनिधी

मुलगा-सून किंवा मुलगी-जावई ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या पुण्या-मुंबईच्या घरांत 'सोशल सर्व्हिसेस' हे शब्द दबक्या आवाजातच उच्चारले जातात. नॉर्वेत २०११ मध्ये एका भारतीय दाम्पत्याची दोन लहान मुले तेथील बालकल्याण यंत्रणेने ताब्यात घेतली. ते प्रकरण दोन्ही देशांच्या परराष्ट्र खात्यांपर्यंत गेले, पुढे २०२३ मध्ये त्यावर हिंदी चित्रपटही आला आणि परदेशातील सरकार म्हणजे मुले काढून घेणारे सरकार, ही समजूत आपल्याकडे घट्ट झाली. मुले काढून घेण्याचा अधिकार ब्रिटनमधील यंत्रणेलाही आहे, हे खरेच. परंतु त्या टोकाच्या बऱ्याच अलीकडे, कुटुंब अजून सावरू शकते अशा अवस्थेत त्याच्या दारी जाणारी आणखी एक व्यवस्था इंग्लंडमध्ये गेली पंचवीस वर्षे उभी राहते आहे, मोडते आहे आणि आता पुन्हा उभी केली जात आहे. तिला तेथे 'अर्ली हेल्प', म्हणजे वेळीच केलेली मदत, म्हणतात. (स्कॉटलंड व वेल्सची व्यवस्था वेगळी असल्याने येथे विचार इंग्लंडपुरताच.) तिची कहाणी आपल्या महिला व बालविकास खात्यानेही मुळातून वाचावी अशी आहे.

ही मदत नेमकी कोठे बसते, ते कायद्यावरून कळते. इंग्लंडच्या १९८९ च्या बालक कायद्यातील कलम ४७ अन्वये मुलाला गंभीर इजा होत असल्याचा संशय आल्यास स्थानिक कौन्सिलला चौकशी करावीच लागते. कलम १७ हे 'गरजू' ठरलेल्या मुलांसाठी आहे. या दोन्ही पायऱ्यांच्या खाली जी कुटुंबे राहतात, त्यांच्यासाठी अर्ली हेल्प. आई बाळंतपणानंतर खिन्न आहे, बापाची नोकरी गेली आहे, घरभाडे थकले आहे, सहा वर्षांचा मुलगा आठवड्यातून दोनच दिवस शाळेत जातो. यांपैकी एकही गोष्ट गुन्हा नाही आणि एकट्याने धोक्याचीही नाही. चार-पाच एकत्र आल्या की मात्र घर घसरू लागते.

अशा घरी जाणारी व्यक्ती बहुधा 'फॅमिली सपोर्ट वर्कर' असते. ती पदवीधर, नोंदणीकृत समाजसेवक असतेच असे नाही आणि तिचे वेतनही त्या मानाने कमी असते. तिचे काम वरकरणी किरकोळ वाटावे असे असते. मुलांची झोपेची वेळ ठरवणे, सकाळी शाळेत पोहोचण्याची घडी बसवणे, घरमालकाला भिंतीच्या ओलीबद्दल पत्र लिहून देणे, कर्जाच्या हप्त्यांसाठी सल्लागाराची भेट मिळवून देणे. शाळेतील शिक्षिका, बाळाच्या जन्मानंतर घरी येणारी 'हेल्थ व्हिजिटर' परिचारिका आणि गृहनिर्माण खात्याचा माणूस यांना एका टेबलाभोवती बसवणे हाही त्या कामाचाच भाग. त्यासाठी एक लेखी मूल्यमापन होते आणि एक 'मुख्य कार्यकर्ता' ठरतो. कुटुंबाने आपली व्यथा पाच खिडक्यांवर पाचदा सांगू नये, हा त्यामागचा हेतू. आणि हे सारे कुटुंबाच्या संमतीनेच. आई 'नको' म्हणाली तर कार्यकर्त्याला परत फिरावे लागते. सक्तीच्या अधिकाराविना, केवळ विश्वासाच्या बळावर चालणारे हे सरकारी काम आहे. म्हणूनच ते अवघड आहे; आणि मोजायला तर त्याहून अवघड.

या व्यवस्थेचा उगम एका मृत्यूशी जोडलेला आहे. व्हिक्टोरिया क्लिम्बिए ही आठ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये नातलगाच्या छळाने मरण पावली. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशी अहवालाने जानेवारी २००३ मध्ये दाखवून दिले, की रुग्णालये, पोलीस आणि कौन्सिले या सर्वांनी तिला पाहिले होते. पण कोणाची माहिती कोणाला जोडली गेली नाही. त्यातून त्याच वर्षी सरकारचे 'एव्हरी चाइल्ड मॅटर्स' हे धोरणपत्र आणि पुढे २००४ चा बालक कायदा आला. त्याआधीच, १९९९ पासून, टोनी ब्लेअर सरकारने गरीब वस्त्यांत 'शुअर स्टार्ट' केंद्रे उघडण्यास प्रारंभ केला होता. पाच वर्षांखालील मुलांसाठी आरोग्य, खेळ, पालकांना सल्ला, नोकरीची माहिती आणि घरभेटी, सर्व एकाच छताखाली. २०१० पर्यंत अशी सुमारे ३६०० केंद्रे झाली होती. ऐन भरात, २००९-१० मध्ये, त्यांवर आजच्या किमतीने वर्षाला सुमारे अडीच अब्ज पौंड खर्च होत होते.

त्यानंतर सत्तांतर झाले आणि काटकसरीचे पर्व सुरू झाले. २०११ मध्ये या निधीचे राखीव कुंपण काढण्यात आले. अनुदानात कपात सोसणाऱ्या कौन्सिलांपुढे प्रश्न साधा होता. कलम ४७ ची चौकशी कायद्याने बंधनकारक, अर्ली हेल्प ऐच्छिक. कात्री कोठे चालली असेल हे सांगण्यासाठी अर्थतज्ज्ञ असण्याची गरज नाही. पुढील दशकात एक हजाराहून अधिक केंद्रे बंद झाली आणि वेळीच करावयाच्या मदतीवरचा कौन्सिलांचा खर्च जवळपास निम्म्यावर आला. त्याच काळात मुलांना ताब्यात घेण्यावरचा, अर्थात उशिराच्या हस्तक्षेपाचा, खर्च वाढतच गेला. आज इंग्लंडमध्ये ८० हजारांहून अधिक मुले सरकारी देखभालीत आहेत. निवासी गृहात ठेवलेल्या एका मुलामागे वर्षाला सरासरी तीन लाख पौंडांहून अधिक खर्च येतो. त्या एका मुलाच्या पैशांत कितीतरी कार्यकर्त्यांचे वर्षभराचे वेतन निघाले असते.

येथे एक चुकलेला क्षण नोंदवायला हवा. प्राध्यापक आयलीन मन्रो यांनी मे २०११ च्या आपल्या अहवालात अर्ली हेल्प पुरवणे हे कौन्सिल व इतर यंत्रणांचे वैधानिक कर्तव्य करावे, अशी शिफारस केली होती. तत्कालीन सरकारने विद्यमान कायदे पुरेसे असल्याचे सांगून ती मान्य केली नाही. मार्गदर्शक सूचनांत अर्ली हेल्पचा उल्लेख राहिला, परंतु न्यायालयात मागता येईल असा हक्क झाला नाही. पुढच्या दशकभराची कपात या एका निर्णयामुळे सुकर झाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

एवढे होऊनही, केंद्रांचा खरोखर उपयोग होत होता काय, हा प्रश्न उरतोच. 'इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज' या लंडनस्थित संस्थेने त्याचे उत्तर शोधण्यासाठी हजारो मुलांच्या नोंदी वर्षानुवर्षे तपासल्या. प्रारंभी, एक वर्षाच्या वयात, शुअर स्टार्टच्या परिसरातील मुलांचे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले; पालकांना डॉक्टरकडे कधी धावावे हे कळू लागल्याचा तो परिणाम असावा. पौगंडावस्थेत मात्र हेच प्रमाण ठळकपणे घटले. २०२४ च्या अभ्यासात असे आढळले, की शाळेत मोफत जेवणास पात्र असलेल्या, म्हणजे गरीब घरच्या ज्या मुलांना हे केंद्र जवळ मिळाले, त्यांचा सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेतील निकाल एकूण तीन श्रेणींनी सुधारला. तीन विषयांत प्रत्येकी एक श्रेणी वर, असे त्याचे ढोबळ चित्र. २०२५ मध्ये संस्थेने हिशेब मांडला, की खर्च केलेल्या प्रत्येक पौंडामागे समाजाला सुमारे दोन पौंडांचा लाभ झाला.

अहवाल आला तेव्हा केंद्रे बंद होऊन वर्षे लोटली होती. पैसा देतो कौन्सिलचा कुटुंब विभाग. लाभ होतो तो दहा वर्षांनी रुग्णालयाला, पंधरा वर्षांनी शाळेला आणि वीस वर्षांनी करखात्याला. आज जन्मलेले मूल जीसीएसईला बसेल तेव्हा २०४० चे दशक उजाडलेले असेल. ब्रिटनची पुढची सार्वत्रिक निवडणूक मात्र २०२९ पर्यंत व्हायची आहे. वेळीच केलेल्या मदतीला मते मिळवून देणारा मतदारसंघ नाही, ही या विषयातील खरी अडचण आहे. उदात्त हेतूंची वाण कोणत्याच पक्षात कधी नव्हती.

झटपट फळ दाखवण्याचा खटाटोपही करून झाला आहे. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी २०१२ मध्ये 'ट्रबल्ड फॅमिलीज' कार्यक्रम सुरू केला. एक लाख वीस हजार 'अडचणीतील' कुटुंबे सुधारायची आणि जितकी सुधारतील तितके पैसे कौन्सिलला, अशी योजना. झाले असे, की जवळजवळ सर्वच कुटुंबे सुधारल्याचे आकडे आले! ऑक्टोबर २०१६ च्या स्वतंत्र मूल्यमापनाने मात्र कार्यक्रमाचा मोजता येण्याजोगा परिणाम आढळला नसल्याचे सांगितले. आपल्याकडील उद्दिष्टपूर्तीच्या तक्त्यांशी परिचय असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. निष्पक्षपणे हेही सांगितले पाहिजे, की सुधारलेल्या दुसऱ्या टप्प्याच्या २०१९ मधील मूल्यमापनात सरकारी देखभालीत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण घटल्याचे दिसले. कार्यकर्त्याने कुटुंबाला दिलेला वेळ वाया गेला नव्हता. त्यावर बसवलेला बक्षिसाचा हिशेब तेवढा फसवा होता.

आता गाडे पुन्हा फिरले आहे. जॉश मॅकअलिस्टर यांच्या समितीने मे २०२२ मध्ये इशारा दिला, की आहे तसेच चालू राहिले तर २०३२ पर्यंत सरकारी देखभालीतील मुले एक लाखाच्या घरात जातील. त्यांनी चार वर्षांसाठी २.६ अब्ज पौंडांची मागणी केली आणि अर्ली हेल्प व कलम १७ यांमधील भिंत पाडून एकच 'फॅमिली हेल्प' सेवा करावी असे सुचवले. तेच मॅकअलिस्टर २०२४ मध्ये मजूर पक्षाचे खासदार झाले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये या खात्याचे कनिष्ठ मंत्री. 'फॅमिलीज फर्स्ट' या कार्यक्रमासाठी २०२५-२६ या वर्षात ५० कोटी पौंडांहून अधिक रक्कम देण्यात आली. शिवाय जुलै २०२५ मध्ये सरकारने 'बेस्ट स्टार्ट फॅमिली हब' ही नवी केंद्रे जाहीर केली. २०२८ च्या अखेरपर्यंत एक हजार केंद्रे आणि त्यासाठी ५० कोटी पौंड.

या आकड्यांपाशी थोडे थांबावे लागेल. ५० कोटींना एक हजाराने भागले तर एका केंद्राच्या वाट्याला तीन वर्षांत मिळून पाच लाख पौंड येतात. शुअर स्टार्टच्या ऐन काळात तोच भागाकार वर्षाला सुमारे सात लाखांचा होता. नव्या केंद्रांना कौन्सिलचा व आरोग्यसेवेचा अन्य निधीही जोडला जाणार असल्याने ही तुलना ढोबळ आहे, तरी अंतर लपत नाही. त्याहून महत्त्वाची बाब वर उल्लेखिलेल्या २०२४ च्या अभ्यासात दडलेली आहे. परीक्षेतील सुधारणा दिसली ती पहिल्या टप्प्यातील केंद्रांमुळे. त्यांच्याकडे मुबलक पैसा होता, कारभारात वस्तीतील पालकांना स्थान होते आणि घरोघर जाणारी माणसे होती. पुढे 'प्रत्येक वस्तीला एक केंद्र' या घोषणेपायी तोच पैसा पातळ पसरला, कारभार कौन्सिलकडे गेला, आणि त्या केंद्रांचा तसा परिणाम आढळला नाही. एक हजार फलक लावणे सोपे असते. प्रश्न असा आहे, की त्या फलकाखालून निघून एखाद्या बंद दारापर्यंत जाणारी माणसे किती असतील, आणि एका माणसाकडे किती घरे सोपवली जातील?

आणि कार्यकर्ता तरी टिकतो काय? भाड्याचा प्रश्न सुटेपर्यंत, आईचा विश्वास बसेपर्यंत चार-सहा महिने जातात. मध्येच माणूस बदलला की सारे पहिल्यापासून. अर्ली हेल्पचा कार्यकर्ता आणि मुले ताब्यात घेणारा अधिकारी एकाच कौन्सिलचे नोकर असतात, हे कुटुंबाला पक्के ठाऊक असते. घरात खरोखरच धोका दिसला तर कार्यकर्त्याला प्रकरण वरच्या पायरीवर न्यावेच लागते. 'मी मदतीला आले आहे' आणि 'मला हे कळवावे लागेल' ही दोन्ही वाक्ये एकाच व्यक्तीच्या तोंडी येतात. दोन सेवांमधील भिंत पाडल्याने कुटुंबाला तीच कहाणी पुन्हा सांगावी लागणार नाही, हा लाभ मोठा आहे. भिंत पडल्यावर घाबरलेले पालक दारच उघडणार नाहीत, ही तेथील कार्यकर्त्यांची भीतीही अनाठायी नाही. नव्या देशात, नव्या भाषेत वावरणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांना, त्यात आपली मराठी कुटुंबेही आली, ही भीती अधिकच जाणवणार.

महाराष्ट्रात 'अर्ली हेल्प' या नावाची सेवा नाही, पण दारापर्यंत जाणारी बाई मात्र आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून राज्यात आज सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या चालतात. गरोदर स्त्री कोणत्या घरात आहे, कोणाचे मूल वजनाने मागे पडते आहे, कोणाचा नवरा दारू पितो, हे सेविकेला जितके ठाऊक असते तितके तालुक्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याला नसते. तिच्या नोंदीत वजन येते, आहार येतो. नवऱ्याच्या दारूला रकाना नाही. दुसऱ्या टोकाला बाल कल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली १०९८ ही हेल्पलाइन आहे. ती बहुतेक वेळा अघटित घडल्यावरच हलते. मधल्या जागेत बालसंगोपन योजना आहे. मूल संस्थेत न जाता घरीच वाढावे म्हणून महिना २२५० रुपये देणारी ही योजना स्तुत्यच. परंतु तिचा भर अनुदानावर आहे आणि विधवा आईला रेशन, शाळा, बँक व रुग्णालय या चार ठिकाणी नेऊन सोडण्याचे काम अनुदानाने होत नाही.

ते काम अंगणवाडी सेविकेवर टाकावे, असे सुचवण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा मोबाइलवर पडताळण्याचे कामही तिच्याकडेच आले आहे. डिसेंबर २०२३ पासून सुमारे पन्नास दिवस राज्यातील सेविका संपावर होत्या, तेव्हा चर्चा मानधन आणि ग्रॅच्युइटी यांचीच झाली. तशी ती होणे रास्तही होते, कारण ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्येच मान्य केला होता. एका सेविकेने महिन्यात किती घरांत नुसते बसून बोलावे, त्यासाठी तिच्या कामातील कोणत्या नोंदी कमी कराव्यात आणि तिने सांगितलेली अडचण पुढे कोणी उचलावी, यावर ना संपात काही ठरले, ना त्यानंतर.