दार उघडं असलं तरी स्टेडियममध्ये जाऊ नका

शनिवारी सचिन तेंडुलकरला कोरोना झाल्याची बातमी आली. त्याच दिवशी युसूफ पठाणची आली, रविवारी बद्रीनाथची, आणि काल इरफान पठाणची. हे चौघेही 21 मार्चपर्यंत रायपूरला रोड सेफ्टी स्पर्धेत एकाच संघातून खेळत होते. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच दुआ सुरू झाल्या. मीही केली. सचिनसाठी कोण करणार नाही?

पण रायपूरच्या त्या स्टेडियममध्ये संध्याकाळी जाऊन बसलेल्या हजारो माणसांचं काय झालं, हे ग्रुपवर एकानेही विचारलं नाही. खेळाडूंना लागण नेमकी कुठे झाली हे मी सांगू शकत नाही, आणि कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. मात्र खेळाडूची चाचणी झाली, त्याने जाहीर केलं, तो घरात वेगळा राहिला. प्रेक्षकाची चाचणी कोण करतो? तो ताप आला तर पॅरासिटामॉल घेतो आणि दुसऱ्या दिवशी लोकल पकडतो.

हे मी हवेत बोलत नाही. माझा भाचा मुंब्र्याला राहतो. चोवीस वर्षांचा आहे, क्रिकेटसाठी जीव टाकतो. 13 तारखेला रात्री तो आणि त्याचे तीन दोस्त बोरिवलीहून गाडीत बसले आणि अहमदाबादला गेले. इंग्लंडविरुद्धचा दुसरा टी-20 सामना, जगातलं सगळ्यात मोठं स्टेडियम, साठ हजारांहून जास्त माणसं. इशान किशनचं पदार्पण त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि ते तो आयुष्यभर सांगणार. मला त्याचा हेवा वाटतो हेही कबूल करतो.

सोमवारी सकाळी तो घरी आला. घर दोन खोल्यांचं. त्यात माझी बहीण, मधुमेह असलेले दुल्हेभाई आणि पंच्याहत्तर वर्षांची त्याची दादी. त्याच सोमवारी रात्री गुजरात क्रिकेट असोसिएशनने जाहीर केलं की उरलेले तीन सामने प्रेक्षकांविना होतील, तिकिटांचे पैसे परत मिळतील.

मी फोनवर त्याला विचारलं, "रविवार ते सोमवार एवढ्यात विषाणूत काय बदललं रे?"

तो म्हणाला, "मामू, तेव्हा परवानगी होती."

या एका वाक्याशी माझं भांडण आहे. परवानगी म्हणजे आरोग्याचा दाखला नव्हे. परवानगी देताना तिकिटं किती खपली, पाहुणे कोण येणार, स्टेडियम नवं आहे, ते जगाला दाखवायचं आहे, असा बराच हिशेब असतो. दुल्हेभाईंची साखर त्या हिशेबात कुठेही नसते. ती धरायची जबाबदारी त्यांच्या मुलाची होती. त्याने ती सरकारवर आणि क्रिकेट मंडळावर टाकली आणि गळ्यात तिरंगी मफलर घालून निघाला.

गेल्या वर्षी हेच युरोपात झालं होतं. 19 फेब्रुवारी 2020 ला मिलानच्या सान सिरो मैदानावर अटलांटा आणि वॅलेन्सिया यांचा फुटबॉलचा सामना झाला. अटलांटा हा बर्गामो शहराचा संघ. एवढा मोठा सामना त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता, म्हणून बस आणि रेल्वे भरून जवळजवळ चाळीस हजार माणसं मिलानला गेली. संघ 4-1 जिंकला. प्रत्येक गोलला माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. त्या रात्री नियम कुणीच मोडला नव्हता, कारण नियमच नव्हता. इटलीतला पहिला स्थानिक रुग्ण सापडल्याची बातमी त्यानंतर दोनच दिवसांत आली. महिन्याभराने बर्गामोतल्या शवपेट्या लष्कराच्या ट्रकांतून दुसऱ्या शहरांकडे नेतानाचे फोटो जगाने पाहिले. त्या साथीला एकटा सामना कारणीभूत होता असं नाही, पण त्याने ती पसरवली असं तिथल्या डॉक्टरांनी आणि खुद्द महापौरांनी म्हटलं.

बर्गामोच्या चाहत्यांना मी दोष देत नाही. त्यांना माहीत नव्हतं. पण 11 मार्चला लिव्हरपूलमध्ये जे झालं त्याला काय म्हणायचं? माद्रिदमध्ये शाळा बंद झाल्या होत्या, स्पेनमधले सामने रिकाम्या मैदानांवर घ्यायचं ठरलं होतं. तरी माद्रिदचे सुमारे तीन हजार चाहते विमानाने इंग्लंडला आले आणि पन्नास हजारांच्या गर्दीत बसले. स्वतःच्या गावात जे बंद, ते दुसऱ्याच्या गावात उघडं सापडलं, म्हणून आले. जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला महामारी म्हटलं तो हाच दिवस. आणि पॅरिसमध्ये त्याच रात्री सामना प्रेक्षकांविना होता, तर हजारो लोक स्टेडियमच्या बाहेर जमून नाचले. म्हणजे दार बंद करूनही भागत नाही. शहाणपण दाराच्या अलीकडे, आपल्या बाजूला लागतं.

माझा भाचा वाद घालण्यात कच्चा नाही. तो म्हणतो, "स्टेडियम उघडं असतं मामू, हवा खेळती असते. तुमच्या लग्नाच्या हॉलपेक्षा बरं." यात तथ्य आहे. उघड्यावर धोका कमी असतो हे डॉक्टरही सांगतात, आणि आपल्या हॉलमधल्या लग्नांबद्दल बोलायचं तर मला दुसरा लेख लिहावा लागेल. पण सामना बघणं म्हणजे फक्त खुर्चीवर बसणं आहे का? रात्रभराची रेल्वे, एका डब्यात. एका खोलीत चौघांचं लॉज. गेटवरची रांग, जिथे झडती घेणारा हवालदार प्रत्येकाच्या अंगाला हात लावतो. डाव संपल्यावर एकदम भरणारं स्वच्छतागृह. जिना उतरताना पाठीला लागलेली पोटं. आणि चार तास ओरडणं. चाहत्याचं कामच ओरडणं आहे, आणि शांत बोलण्यापेक्षा ओरडताना तोंडातून कितीतरी जास्त तुषार उडतात. त्याने पाठवलेले सगळे फोटो मी पाहिले. बाराजण आहेत त्यात. मास्क नऊजणांच्या हनुवटीवर, दोघांच्या खिशात असावेत, आणि एका आजोबांच्या नाकावर.

मेलबर्नचं उदाहरण त्याला दिलं. डिसेंबरमध्ये आपला संघ तिथे बॉक्सिंग डे कसोटी खेळत होता. प्रेक्षक होते, मोजके. त्यातला एकजण नंतर पॉझिटिव्ह निघाला. कोणत्या स्टँडच्या कोणत्या भागात, किती ते किती वाजेपर्यंत तो बसला होता हे तिथल्या आरोग्य खात्याला माहीत होतं. त्या भागातल्या सगळ्यांना चाचणी करून घरी थांबायला सांगितलं गेलं. साथ आटोक्यात असलेल्या, प्रत्येक रुग्णाचा माग काढणाऱ्या देशात प्रेक्षक बसवले तर मी तक्रार करणार नाही. आपल्याकडे काय झालं? अहमदाबादच्या आयआयएममधले काही विद्यार्थी सामना पाहून आले आणि पॉझिटिव्ह निघाले, अशी बातमी आली. त्यांच्या मागेपुढे कोण बसलं होतं, ते आज कुठल्या गावात आहेत, हे कुणाला ठाऊक आहे? माझ्या भाच्याला एक फोन आला नाही. त्याने स्वतःही चाचणी केली नाही. का, तर पॉझिटिव्ह आली तर मजला सील होईल आणि शेजारी नाव ठेवतील.

आता थोडं आपल्यातलं बोलतो. इतर वाचकांनीही वाचायला हरकत नाही.

मोहल्ल्यात दोन वाक्यं मी सारखी ऐकतो. पहिलं, मौत लिहिलेली असेल तर घरातही येईल. हे म्हणणाऱ्याला दीन कळला असं त्याला वाटतं. प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणी मदरशात ऐकली आहे: जिथे साथ आहे तिथे जायचं नाही, आणि आपल्या गावात साथ असेल तर बाहेर पडायचं नाही. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर होते, पुढे साथ असल्याचं कळलं आणि ते परत फिरले. अल्लाहच्या तकदीरीपासून पळता का, असं त्यांना विचारणारे अबू उबैदा (रजि.) होते, कुणी साधा माणूस नव्हे. उमर यांचं उत्तर असं होतं की एका तकदीरीतून दुसऱ्या तकदीरीकडे जातोय, आणि तीही अल्लाहचीच. खलीफा मोहीम सोडून परत फिरू शकतो, आणि आपल्याला टी-20 सोडवत नाही.

गेल्या वर्षी आपण काय काय सोडलं ते आठवा. जुमा सोडला. तरावीह घरात पढली. ईदची नमाज गच्चीवर, बापलेकांनी. आपल्या राज्यात मशिदी, मंदिरं, सगळी प्रार्थनास्थळं मार्चपासून 16 नोव्हेंबरपर्यंत बंद होती. वारकऱ्यांनी शेकडो वर्षांची पायी वारी सोडली, माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. लालबागचा राजा बसला नाही. हजला जगभरातून लाखोंऐवजी अगदी मोजकी माणसं होती. एवढं सगळं सोडलेल्या समाजाला सामन्याचं तिकीट सोडणं जड जावं?

दुसरं वाक्य जास्त अवघड आहे, कारण त्यात खरी जखम आहे. "आपण जमलो तर कोरोना जिहाद, आणि ते साठ हजार जमले तर उत्सव?" मार्च 2020 मध्ये निजामुद्दीनच्या मरकजवरून वाहिन्यांनी जे केलं ते मी विसरलेलो नाही. भाजीवाल्यांची नावं विचारून त्यांना गल्लीतून हाकललं गेलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्टमध्ये परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं स्पष्ट म्हटलं. त्या वाहिन्यांना अहमदाबादच्या गर्दीत विषाणू दिसला नाही. आज बंगालच्या प्रचारसभांतही दिसत नाही. हा दुटप्पीपणा आहे, आणि तो मी शंभर वेळा म्हणेन.

पण त्यावरून "मग आम्हीही जाणार" हा निष्कर्ष कसा निघतो? त्यांनी आपल्यावर खोटा आरोप केला, म्हणून आपण तो आता खरा करून दाखवायचा? मरकजमध्ये जमलेल्यांची चूक होती असं मी आजही म्हणतो, त्यांचा गुन्हा होता असं कधीच म्हटलं नाही. विषाणू गर्दीचं नाव विचारत नाही, हे आपणच त्या वेळी घसा कोरडा करून सांगत होतो. आता ते स्वतःला लागू करायची वेळ आल्यावर कुरकुर नको.

कुणी म्हणेल, प्रेक्षक नसतील तर खेळ कसा जगेल? क्रिकेट मंडळाची काळजी तुम्ही करू नका. भारतातल्या सामन्यांचे पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क 6138 कोटींना गेलेत, आयपीएलचे 16,347 कोटींना. तुमच्या तिकिटावर त्यांची चूल पेटत नाही. ज्याची पेटते तो स्टेडियमबाहेर झेंडे विकणारा, गालावर तिरंगा रंगवणारा, वडापावचा गाडीवाला. त्याचं नुकसान खरं आहे आणि त्याच्यासाठी कुणी काही केलेलं नाही. त्याचं नाव पुढे करून दार उघडायला मात्र सगळे तयार असतात.

9 एप्रिलपासून आयपीएल सुरू होतेय. दहा तारखेपासून वानखेडेवर सामने आहेत. मंडळाने म्हटलंय की सुरुवातीला प्रेक्षक नसतील, पुढचं नंतर ठरवू. हे "नंतर" मला घाबरवतं. महाराष्ट्रात रविवारी एका दिवसात 40,414 नवे रुग्ण सापडले. आणि पंधरवड्यावर रमजान आलाय. कुठल्याही शहरात, कुठल्याही दिवशी दार उघडलं तरी जाऊ नका. फुकट पास मिळाला तरी नको. लस घेतलेली माणसंही अजून थोडी आहेत, आणि आपल्या तरुणांचा तर नंबरच लागलेला नाही. आपल्या गावच्या टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धाही यातच आल्या. तिथे तर परवानगीही कुणी विचारत नाही.

परवाच्या रविवारी होळी होती, शब-ए-बारात होती आणि गहुंज्याला तिसरा वनडे होता. राज्यात रात्रीची जमावबंदी लागली होती. शब-ए-बारात घरीच करा, कब्रस्तानात गर्दी करू नका अशा सूचना होत्या. अब्बांच्या कबरीवर न जाता शब-ए-बारात करायची माझी ही लागोपाठ दुसरी वेळ. पुण्यातले तिन्ही सामने प्रेक्षकांविना झाले. शेजारच्या डोंगरावर तिरंगा घेऊन उभ्या राहिलेल्या एका चाहत्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील.

कोंढव्यातल्या माझ्या घरात टीव्हीचा आवाज कमी ठेवून आम्ही बसलो होतो. बायको आतल्या खोलीत कुरआन पढत होती. सॅम करनने सामना जवळजवळ काढून नेला. शेवटच्या षटकात 14 हव्या होत्या आणि चेंडू नटराजनच्या हातात. करन 95 वर नाबाद राहिला, आपण सात धावांनी जिंकलो. त्या क्षणी समोरच्या इमारतीतून, मागच्या सोसायटीतून, वरच्या मजल्यावरून एकदम आरोळी उठली. रिकाम्या स्टेडियममधून टीव्हीवर काहीच ऐकू येत नव्हतं, आणि आमचा अख्खा रस्ता ओरडत होता.

दोन मिनिटांनी मुंब्र्याहून फोन आला. मला वाटलं सामन्याबद्दल बोलेल. तो म्हणाला, "मामू, अब्बूंना दोन दिवस खोकला आहे. सकाळी चाचणीला नेतोय. माझीपण करून घेतो."