पत्त्यांची जादू आणि साहित्याची पारख

हिवाळा आला की भद्रावतीच्या शाळांमधून स्नेहसंमेलनांची लगबग सुरू होते. नाच, नाटिका आणि वेशभूषा यांच्या बरोबरीने एखादा विद्यार्थी पत्त्यांची जादू सादर करू इच्छितो आणि घरात साहित्याच्या खरेदीचा प्रश्न उभा राहतो. मोठ्या शहरातून किंवा मोबाईलवरून मागवलेल्या संचात बहुधा सोनेरी चांदण्यांनी मढवलेली पेटी, झगमगती छडी आणि चकचकीत पत्ते असतात. घरी ते साहित्य देखणे वाटते. रंगमंचावर मात्र ती पेटी बाहेर येताच पहिल्या रांगेतील मुले ओरडतात, “पेटीतच काहीतरी आहे!” पैसे वाया जातात हे एक, त्याहून मोठे नुकसान म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा आत्मविश्वास भर सभागृहात खचतो. व्यापारी कुटुंबाला मालाची पारख परंपरेने लाभलेली असते. ती या खरेदीतही उपयोगी पडावी.

जैन घरात पत्त्यांचा कॅट आणावा की नाही, हा संकोच स्वाभाविक आहे. सप्तव्यसनांत द्यूताची गणना होते आणि पत्ते म्हटले की डाव आठवतो. परंतु जुगारात पैसा पणाला लागतो, जादूत काहीच पणाला लागत नाही. उलट, पिसलेल्या कॅटातील हवा तो पत्ता हवा तेथे कसा आणता येतो, हे ज्याने स्वतःच्या बोटांनी अनुभवले, त्याला दिवाळीतील तीन पत्तीच्या डावावर भरवसा ठेवणे जड जाते. तरीही मन मानत नसेल, तर अंकांचे किंवा चित्रांचे साधे पत्ते घ्यावेत. अनेक प्रयोग त्यांवरही तितकेच चांगले होतात.

साहित्याची निवड कशी करावी याचा मोठा धडा फ्रान्सच्या रोबेर-उदँ यांनी घालून दिला. १८०५ मध्ये जन्मलेले हे गृहस्थ मूळचे घड्याळजी. १८४५ मध्ये त्यांनी पॅरिसच्या पॅले रॉयाल भागात आपले छोटे नाट्यगृह उघडले. त्या काळी जादूगारांच्या मेजांवर जमिनीपर्यंत लोळणारे कापड असे आणि मंचावर धातूच्या चकाकत्या उपकरणांची गर्दी. रोबेर-उदँ यांनी तो पसारा दूर केला. सभ्य गृहस्थाचा साधा पोशाख आणि दिवाणखान्यासारखा नेटका मंच त्यांनी पसंत केला. कारण उघड आहे. ज्या कापडाखाली काही लपू शकते, तेथे काही लपलेच असणार, असे प्रेक्षक गृहीत धरतो. साहित्य जितके ओळखीचे आणि साधे, तितका संशय कमी आणि आश्चर्य अधिक. स्वतःकडे लक्ष ओढून घेत नाही ते साहित्य उत्तम, हाच निवडीचा पहिला निकष होय.

आता प्रत्यक्ष पत्त्यांकडे वळू. महाराष्ट्राला हाताने रंगवलेल्या पत्त्यांची परंपरा आहे. सावंतवाडीच्या गोल गंजिफांतील दशावतारी संचात दहा रंगांचे प्रत्येकी बारा, म्हणजे १२० पत्ते असतात. मावळू लागलेल्या या कलेला सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभारी दिली. गंजिफाचा दर्शनी भाग कितीही सुंदर असला तरी पाठी मात्र सर्व सारख्या असाव्या लागतात. एका पाठीवर डाग पडला की पत्ता ओळखू येतो. आजच्या ५२ पत्त्यांच्या कॅटालाही हाच नियम लागू आहे. म्हणून पाठीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी आणि भोवती एकसारखी पांढरी कड असलेला कॅट घ्यावा. एकाच छापाचे किमान दोन कॅट घ्यावेत, म्हणजे एखादा पत्ता हरवला वा दुमडला तर अडत नाही.

बाजारात दोन मापे आढळतात. एकाची रुंदी सुमारे ६३ मिलिमीटर, दुसऱ्याची सुमारे ५७. लांबी दोहोंची जवळजवळ ८८. लहान हातांना अरुंद माप सोयीचे पडते. निव्वळ प्लास्टिकचे पत्ते टिकाऊ खरे, परंतु ते हातातून निसटतात. चांगल्या कागदी पत्त्यावर बारीक खळगे उमटवलेले असतात. त्यांमुळे दोन पत्त्यांत किंचित हवा राहते आणि पत्ते एकमेकांवरून सहज सरकतात. पत्ता दिव्यासमोर धरून पाहावा. पलीकडचे चित्र दिसत असेल तर तो कॅट परत करावा. चंद्रपूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात हाताच्या घामाने कागदी पत्ते फुगतात. म्हणून सरावाचा कॅट वेगळा आणि प्रयोगाचा वेगळा ठेवणे हिताचे.

रंगमंचावरची खरी कसोटी म्हणजे शेवटची रांग. फलक रंगवणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे : एक इंच उंचीचे अक्षर सुमारे दहा फुटांवरून ठसठशीत दिसते. साध्या पत्त्याच्या कोपऱ्यातील आकडा अर्धा इंचही नसतो. तेव्हा साठ फूट दूर बसलेल्या आजोबांना बदामाची सत्ती दिसली नाही, तर दोष त्यांच्या चष्म्याचा नव्हे. सभागृहासाठी लांबी-रुंदीने दुप्पट किंवा त्याहून मोठे पत्ते घ्यावेत आणि मुलाला मंचावर उभे करून पालकांनी शेवटच्या रांगेतून ते वाचून पाहावेत. चकचकीत मुलामा टाळावा, कारण दिव्याचा झोत पडताच पत्ता नुसता चमकतो. रंगीत प्रकाशाचीही खबरदारी घ्यावी. लाल झोतात पांढरा पत्ता लाल दिसतो आणि बदाम-चौकट त्यात विरून जातात. प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याला पांढरा दिवा ठेवण्याची आगाऊ सूचना द्यावी.

पत्ते उभे करण्याची घोडी, लहान मेज आणि पेटी या वस्तू बाहेरून मागवण्याची गरज नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील सागवानाची ख्याती सर्वदूर आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच सागवान गेले. गावातील कुशल सुतार एखाद्या उरलेल्या तुकड्यातून या वस्तू सहज करून देईल. घोडीला मागे किंचित कल असावा, खालची पट्टी इतकी बारीक असावी की आकडा झाकला जाणार नाही आणि पायांना जाड कापड लावलेले असावे. मेजाची फळी पातळ व उघडी ठेवावी. वर गडद रंगाचे, न चमकणारे जाडसर कापड अंथरले की पत्ता उचलणे सोपे जाते. पेटीचे लाकूड वाळलेले नसेल तर पावसाळ्यात झाकण अडकते. झाकण आवाज न करता उघडते का, हे पन्नास वेळा उघडून पाहावे.

भद्रावतीला ही दृष्टी नवी नाही. येथील ग्रामोदय संघाने मातीकामाला प्रतिष्ठा मिळवून दिली. भांडे केवळ रंगावरून न निवडता ते हातात तोलून, कड चाचपून घ्यावे, हे येथील गृहिणी जाणतात. जादूच्या साहित्यालाही हाच न्याय लावावा.

काही गोष्टी मात्र यादीतून काढूनच टाकाव्यात. कबुतर किंवा ससा यांना कोंडून करावयाचे प्रयोग अहिंसेच्या संस्कारात बसत नाहीत. पत्त्यांच्या जादूचे मोठेपण हेच की तिला जीव लागत नाही. संचातील रुमाल रेशमी असेल तर त्याऐवजी तलम सुती किंवा कृत्रिम धाग्याचा घ्यावा. क्षणात पेटून नाहीसा होणारा रसायनयुक्त कागद मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. मंडपाचे कापड आणि नायलॉनचे पोशाख आग चटकन धरतात.

साहित्य कितीही चांगले असले तरी ते निम्मेच काम करते. पुण्याचे जादूगार रघुवीर यांनी देशोदेशी प्रयोग करून मराठी जादूला नाव मिळवून दिले आणि पुढील पिढ्यांनी ती परंपरा चालवली. अशी कला वस्तूंच्या साठ्यावर उभी राहत नाही. म्हणून खर्चाची मर्यादा आधी ठरवावी. दोन चांगले कॅट, मोठ्या पत्त्यांचा एक संच आणि एक घोडी एवढ्यावर आरंभ करावा. तीन प्रयोग निर्दोष जमेपर्यंत चौथी वस्तू घेऊ नये.

शेवटी एक वाक्य मुलाला आवर्जून शिकवावे. प्रयोगापूर्वी त्याने सांगावे, “ही हातचलाखीची कला आहे, चमत्कार नव्हे.” महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. फसव्या चमत्कारांनी लोकांना लुबाडणारे आणि प्रेक्षकांच्या संमतीने त्यांना चकित करणारा कलावंत, यांतील भेद समाजाला स्पष्ट कळणे आवश्यक आहे. व्यापाऱ्याचे खरे भांडवल त्याची पत असते. तीच शिकवण मुलाला रंगमंचावर मिळाली, तर पत्त्यांवर केलेला खर्च सत्कारणी लागला असे समजावे.