मोटर गेली की पाळीही जाते : कुलपाइतकीच खूण आणि बिलही हवं

हिंजवडी म्हटलं की लोकांना आयटी पार्क आठवतो. पण नेरे, जांबे, कासारसाई या पट्ट्यात अजून ऊस उभा आहे, भाजीपाला आहे आणि तो नदीकाठच्या, विहिरीवरच्या मोटरींवर जगतो. ही मोटर, केबल, स्टार्टर रातोरात गायब होणं हे जुनंच दुखणं. कोकणात पावसाळी मासेमारी बंदीत नौका किनाऱ्यावर ओढल्या की इंजिनाची राखण करावी लागते. आपलंही तसंच. वस्तू मोलाची, जागा उघडी आणि मालक घरी.

चोराला बहुतेक वेळा मोटर नको असते, आतलं तांबं हवं असतं. केबलचं प्लास्टिक जाळलं की उरलेली तार कुणाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. थ्री फेज बंद असताना केबल कापायला चोराला भीती नसते आणि लाइटचं वेळापत्रक तर गावात सगळ्यांना पाठ. म्हणजे राखण लाइट नसताना जास्त हवी. आपण मात्र लाइट आली की मोटरीकडे जातो.

नुकसान नुसत्या केबलचं नसतं. एप्रिल-मेच्या उन्हात नवी केबल आणून जोडेपर्यंत आठ दिवस गेले, तर पाण्याची एक पाळी चुकते आणि पीक मार खातं. तरी शेतकरी म्हणतो, "गेलं ते गेलं, चौकीच्या चकरा कोण मारणार?" इथंच आपलं चुकतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम ३०३ प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही कलम ३१७ खाली गुन्हेगार ठरतो. पण माल पाच हजार रुपयांच्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र ठरू शकतो, मग दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. बिल नाही म्हणून "असेल दोन-तीन हजाराची" असं अंदाजानं सांगितलं की प्रकरण थंड पडतं. आकडा फुगवू नका, पण केबल, स्टार्टर, पाइप असं गेलेलं सगळं लिहून द्या.

दुसरी अडचण हद्दीची. हिंजवडी पोलीस ठाणं २०१८ साली सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहे, तर पौड ठाणं पुणे ग्रामीणकडं. शेत एका हद्दीत, घर दुसऱ्या हद्दीत असं होतं. दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

आता करायचं काय?

१) मोटरीवरच्या पट्टीचा नंबर लिहून ठेवा, फोटो काढा. चोर पट्टी उपटतो, म्हणून बॉडीवर छिन्नीनं आपली खूण ठोका.

२) केबल उघडी टाकू नका. पाइपात घालून दोन-अडीच फूट खोल गाडा.

३) स्टार्टरपासून विहिरीपर्यंत ॲल्युमिनियमची केबल चालते का, वायरमनला विचारा. ती जास्त जाडीची घ्यावी लागते, पण भंगारात तांब्याइतका भाव तिला नाही.

४) हंगाम संपला की मोटर काढून घरी आणा.

५) बिलं शेताच्या कागदांबरोबर ठेवा.

एकट्यानं हे भागत नाही. ग्रामपंचायतीनं मोटरींची नोंदवही करावी, पोलीस पाटलांनी गावच्या भंगारवाल्यांना समज द्यावी, तरुणांनी पाळीनं गस्त घालावी. मात्र संशयावरून कुणावर हात टाकू नका, परगावच्या मजुरावर तर नाहीच. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला २०१८ साली नुसत्या अफवेवरून पाच जणांचे जीव गेले. संशय आला तर ११२ ला फोन करा.

कुलूप चोराला थोडा वेळ अडवतं. खूण आणि बिल असेल तर सापडलेला माल आपला म्हणून परत मागता येतो. नोंदवहीचं काम येत्या ग्रामसभेतच हाती घ्या, उन्हाळ्याची वाट बघू नका.