पातेल्यातले बुडबुडे आणि समुद्रातला श्वास

चहाचे आधण ठेवले की उकळी फुटण्याच्या बऱ्याच आधी पातेल्याच्या तळाला बारीक बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ती वाफ नव्हे; ती पाण्यात विरघळलेली हवा. पाणी तापले की हवा त्यात टिकत नाही. आज विषय समुद्राचा आहे, पण हे पातेले लक्षात असू द्या.

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले बहुतेक आपले खायचे मीठच. बाकी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरेंचे क्षार. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने जगभर फिरून पाणी गोळा केले. त्यातले ७७ नमुने डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले. खारटपणा कमी-जास्त निघाला, पण क्षारांचे आपसातले प्रमाण सगळीकडे जवळजवळ तेच होते. त्यातलेच कॅल्शियम घेऊन तिसऱ्या आपले शिंपले आणि पोवळी आपली घरे बांधतात.

क्षारांमुळे पाणी जड होते आणि अंगाला आधार देते. जेलीफिशला एकही हाड नाही, तरी पाण्यात ती छत्रीसारखी फुललेली असते आणि वाळूवर येताच तिचा गोळा होतो. (पेल्यात मीठ घालत गेले की अंडे वर येते, हा प्रयोग मुलांकडून जरूर करून घ्या. मात्र समुद्र तेवढा खारट नाही. ताजे अंडे तिथेही बुडेल.)

आधार देण्यात उदार असलेले हे पाणी प्राणवायूच्या बाबतीत मात्र कंजूष आहे. एक लिटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. आपल्याकडच्या कोमट समुद्राच्या लिटरभर पाण्यात तो जेमतेम सहा मिलिग्रॅम, बर्फाळ समुद्रात अकराच्या आसपास. एवढ्यावर माशाला भागवावे लागते. ट्यूना, म्हणजे आपला कुपा, तोंड उघडे ठेवून सतत पोहतो, कारण थांबला तर कल्ल्यांतून पाणी वाहणार नाही आणि तो गुदमरेल.

आपल्या अरबी समुद्राचे दुखणे याहून मोठे आहे. पावसाळ्यात वाऱ्यामुळे खालचे पाणी वर येते. त्यात नत्र-स्फुरद भरपूर असल्याने सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांवर मासे पोसतात. पण त्या मेल्या की खाली जाऊन कुजतात आणि कुजताना प्राणवायू खाऊन टाकतात. उत्तरेला जमीन असल्यामुळे तिकडून ताजे पाणी येण्याची सोय नाही. म्हणून साधारण १५० मीटरपासून १,००० मीटर खोलीपर्यंत प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो. पावसाळ्याच्या अखेरीस हे निकृष्ट पाणी पश्चिम किनाऱ्याजवळच्या उथळ भागातही पसरते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००० साली हे मोजमापांसह मांडले. अशा वेळी मासळी उरलेल्या चांगल्या पाण्यात दाटीने गोळा होते किंवा निघून जाते. मग जाळे टाकणाऱ्याच्या नशिबाला बोल लावला जातो!

आता पातेल्याकडे या. माणसाच्या धुरामुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता साठली, तिच्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. तापलेला वरचा थर हलका होतो, खालच्या पाण्यात नीट मिसळत नाही, आणि वरचा प्राणवायू खाली पोचत नाही. १९६० पासूनच्या पन्नास वर्षांत जगातील समुद्रांचा प्राणवायू सुमारे दोन टक्क्यांनी घटला.